जुनी डेस्कटॉप साइट मोबाईलवर बसवताना आडवं स्क्रोल आणि तीन पातळ्यांचा मेनू: कुठून सुरुवात करावी?

अर्धवट_कंस

माहितीपर साइट आहे, साधारण २०० पानं, सगळा मजकूर मराठीत. मांडणी जुन्या पद्धतीची: ११०० पिक्सेलचा ठरीव रुंदीचा डबा, त्यात डावीकडे २४० पिक्सेलची साइडबार, उजवीकडे मजकूर, सगळं फ्लोटवर (डबे डावी-उजवीकडे ढकलून शेजारी बसवायची सीएसएसची जुनी पद्धत) उभं. वरचा मेनू तीन पातळ्यांचा, एकूण ३४ दुवे, माउस नेला की उघडणारा. फ्रेमवर्क नाही. स्टाइलशीट एकच, सुमारे १४०० ओळींची.

आतापर्यंत केलेलं:

– व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद पडद्यासाठी मांडायचं ते ब्राउझरला सांगणारा) टाकला. आधी पान बारीक का होईना पण अख्खं दिसायचं. आता फक्त डावा भाग दिसतो, उरलेलं सरकवून बघावं लागतं.
– बॉडीला ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ दिलं. सरकणं थांबलं, पण उजवीकडचा मजकूरही गायब झाला.
– मेनूच्या वरच्या पातळीवर बोट टेकवलं की कधी उपमेनू उघडतो, कधी सरळ दुसरं पान उघडतं.

विचारायचं ते असं. स्टाइलशीट नव्याने लिहू की आहे तीच दुरुस्त करू? ३४ दुवे तसेच्या तसे तीन रेघांच्या बटणामागे टाकले तर चालेल का? आणि सात रकान्यांची टेबलं बऱ्याच पानांवर आहेत, त्यांचं काय करायचं?

---

सीएसएसकर

टॅग टाकल्यावर पान बिघडलं नाही, ते जसं आहे तसं दिसायला लागलं. टॅग नसताना मोबाईल ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंदीच्या कल्पित पडद्यावर मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. ‘विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१’ म्हटलं की तो खऱ्या रुंदीवर, म्हणजे ३६०–४१२ पिक्सेलवर मांडतो. तुमचा डबा मात्र ११०० वरच अडून बसलाय. टॅग राहू द्या. त्यात ‘युजर-स्केलेबल=नो’ किंवा ‘मॅक्सिमम-स्केल=१’ घालू नका. अक्षरं मोठी करून वाचणाऱ्यांची वाट त्याने बंद होते, आणि आयफोन तर २०१६ पासून, आयओएस १० पासून, ते जुमानतही नाही.

१४०० ओळी म्हणजे फार नाहीत. रंग, फॉन्ट, बटणं हे सगळं ठेवा. फक्त मांडणीच्या ओळी उपटून काढा: सगळे फ्लोट, सगळे क्लिअरफिक्स (फ्लोटनंतरची मांडणी सावरणारे जुगाड), पिक्सेलमधली प्रत्येक ‘विड्थ’. नव्या ओळी शंभरेक होतील.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी सर्व घटकांना ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’, म्हणजे पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि बॉर्डर रुंदीतच धरली जाते. मग डब्याची ‘विड्थ: ११००’ काढून ‘मॅक्स-विड्थ: ११००’ आणि दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग. चित्रांना ‘मॅक्स-विड्थ: १००%’ आणि ‘हाइट: ऑटो’. चित्राच्या टॅगमधले विड्थ आणि हाइट हे गुणधर्म काढू नका, बरेच जण इथे चुकतात. ब्राउझर त्यांवरूनच गुणोत्तर काढून जागा राखून ठेवतो. ते नसले तर चित्र येताच खालचा मजकूर उडी मारतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच दुव्यावर पडतं.

आता फ्लोटऐवजी ग्रिड, म्हणजे सीएसएसची ओळी-रकान्यांची मांडणी. मूळ नियम मोबाईलसाठी लिहा: एकच रकाना, काहीही विशेष नाही. रुंद पडद्याचा नियम ‘मिन-विड्थ’च्या मीडिया क्वेरीत, म्हणजे पडद्याची अट पुरी झाली तरच लागू होणाऱ्या नियमांत. तिथे ‘२४० पिक्सेल १एफआर’ असं लिहावंसं वाटेल. त्याऐवजी ‘१५रेम मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहा. रेम हे पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावरून मोजायचं एकक, एफआर म्हणजे उरलेल्या जागेचा वाटा. नुसत्या १एफआर रकान्याची किमान रुंदी आतल्या मजकुराएवढी असते, त्यामुळे आत एक रुंद टेबल किंवा लांबलचक दुवा आला की रकाना फुगतो आणि पान आडवं सरकायला लागतं. फ्लेक्सचंही (घटक एका ओळीत बसवणाऱ्या मांडणीचंही) तेच, तिथे उपाय ‘मिन-विड्थ: ०’. अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच निघतं.

ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलते ती रुंदी, फोनच्या मॉडेलवरून ठरवू नका. खिडकी हळूहळू अरुंद करत जा, मजकुराची ओळ जिथे अवघडायला लागते तो आकडा घ्या. तुमच्या मांडणीत तो ४८ ते ५६ ईएमच्या (हेही अक्षराच्या आकारावरून मोजायचं एकक) मध्ये कुठेतरी येईल. मीडिया क्वेरीत ईएम घ्या, म्हणजे ब्राउझरमध्येच अक्षराचा आकार वाढवून ठेवणाऱ्याला मांडणीही वेळेत एका रकान्यावर आलेली मिळते.

साइडबार एचटीएमएलमध्ये मजकुराच्या आधी असेल तर ती मजकुरानंतर हलवा आणि रुंद पडद्यावर ग्रिडने डावीकडे आणा. नाहीतर मोबाईलवर वाचकाला आधी साइडबारचे सगळे दुवे ओलांडावे लागतील. साइडबारमध्ये दुवे असतील तर टॅबने जाणाऱ्याला क्रम थोडा उलटा लागेल. दोन भाग पूर्ण वेगळे असल्याने इथे ते खपतं. एकाच यादीतल्या गोष्टी ‘ऑर्डर’ वापरून वरखाली करणं मात्र टाळा.

आणि ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ आजच काढा. नळ गळतोय म्हणून खोलीचं दार लावून घेण्यातला प्रकार आहे तो.

---

रिकामा_डिव्ह

मेनूबद्दल. ३४ दुवे बटणामागे टाकले तर ते फक्त नजरेआड होतात, कमी होत नाहीत. आधी एका कागदावर सगळे लिहून काढा. कोणते दुवे त्या त्या विभागाच्या पहिल्या पानावरच असायला हवेत ते वेगळे करा. तिसरी पातळी जवळजवळ नेहमीच तिकडे जाते. ‘संपर्क’, ‘अटी’ वगैरे तळपट्टीत. वर सात-आठ उरले तर उत्तम, बारापर्यंत निभावतं.

बोटाचा गोंधळ का होतो: स्पर्शाच्या पडद्यावर ‘होव्हर’ (माउस वर नेणं) खरा नसतो, ब्राउझर त्याची नक्कल करतो. होव्हरमुळे काही नवीन दिसायला लागलं तर आयफोनची सफारी पहिला स्पर्श त्यातच खर्च करते आणि दुसऱ्या स्पर्शाला दुवा उघडते. अँड्रॉइडवर बहुधा दोन्ही एकाच स्पर्शात होतं, म्हणून सरळ पान बदलतं. यावर जुगाड करू नका. एकाच घटकाला दोन कामं देणंच चुकलंय. विभागाचं नाव हा दुवा, आणि शेजारी खालच्या बाणाचं वेगळं बटण जे उपमेनू उघडतं. किंवा विभागाचं नावच बटण करा आणि उपमेनूतला पहिला दुवा त्या विभागाच्या मुख्य पानाचा ठेवा. मोबाईलवर मला दुसरा प्रकार बरा वाटतो, अख्खी ओळ दाबता येते.

होव्हरने उघडणं ठेवायचंच असेल तर ते ‘होव्हर: होव्हर’ आणि ‘पॉइंटर: फाइन’ या दोन अटींच्या मीडिया क्वेरीत कोंडा.

मुख्य बटण खरंखुरं ‘बटण’ घटक असू दे, क्लिक चिकटवलेला डिव्ह नको. त्यावर नुसत्या तीन रेघा न ठेवता ‘मेनू’ हा शब्दही लिहा, जागा पुरते. बटणाला ‘एरिया-एक्स्पांडेड’ (aria-expanded, मेनू उघडा की मिटलेला ते पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला सांगणारा गुणधर्म) द्या, उघडताना ट्रू, मिटताना फॉल्स. जावास्क्रिप्टचं काम एवढंच. दिसणं-लपणं सीएसएसने त्याच गुणधर्मावरून ठरवायचं, आणि तेही अरुंद पडद्याच्या मीडिया क्वेरीच्या आत. जावास्क्रिप्टने थेट घटकावर ‘डिस्प्ले: नन’ लिहिलंत तर कोणी मोबाईलवर मेनू मिटवून फोन आडवा केला की रुंद मांडणीतही मेनू गायब राहतो. एस्केपने मिटणं आणि मिटल्यावर फोकस (कळफलकाची निवड) परत बटणावर येणं या दोन्हीसाठी मिळून दहा ओळी लागतात.

बाजूने सरकत येणारं पॅनल नुसतं ‘ट्रान्सलेट’ने पडद्याबाहेर ढकलून ठेवू नका. डोळ्यांना दिसत नाही, पण टॅब दाबत गेलं की फोकस त्या न दिसणाऱ्या दुव्यांमध्ये हरवतो. मिटलेल्या अवस्थेत ‘व्हिजिबिलिटी: हिडन’ हवंच. आणि ते उजवीकडे ढकललेलं असेल तर आडवा स्क्रोलही तयार करतं.

पूर्ण पडदा झाकणारा मेनू हवा असेल तर ‘डायलॉग’ घटक ‘शोमोडल’ने उघडा. एस्केप, मागचं पान निष्क्रिय करणं, फोकस परत देणं, तिन्ही फुकटात मिळतं. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे.

स्पर्शाचा आकार: प्रत्येक दुव्याची ओळ किमान ४४ पिक्सेल उंच, ४८ असेल तर बरं. डब्ल्यूसीएजी २.२ (साइट सर्वांना वापरता यावी म्हणूनचे निकष) ची एए पातळी २४ × २४ वरही पास करते, पण ती अगदी खालची मर्यादा आहे, मेनूचं माप नव्हे. उंची पॅडिंगने वाढवा आणि ते पॅडिंग दुव्यालाच द्या, त्याच्या यादीच्या घटकाला नाही. यादीला दिलं की दिसायला ओळ मोठी, पण दाबायला जागा अक्षरांएवढीच.

---

वेलांटी

मजकूर मराठी आहे म्हटल्यावर काही गोष्टी रोमन लिपीच्या नमुन्यावरून उचललेल्या स्टाइलशीटमध्ये हमखास चुकतात.

‘लाइन-हाइट’ १.४ वर असेल तर १.६५ ते १.७५ करा, एकक न लावता. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार असल्याने ओळी एकमेकींत अडकतात. मथळ्यांना १.३५ च्या खाली नेऊ नका. ठरीव उंचीची बटणं, म्हणजे ‘हाइट: ३६ पिक्सेल’ आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’, शोधून काढा. त्यांत ‘दृष्टी’, ‘पूर्तता’ अशा शब्दांची टोकं कापली जातात. ‘मिन-हाइट’ आणि पॅडिंग द्या.

‘लेटर-स्पेसिंग’ कुठे असेल तर शून्य करा. शिरोरेघ तुटते, आणि तुटलेली रेघ लहान पडद्यावर जास्त खुपते.

लांब शब्दांसाठी ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ वापरा, ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ नको. ब्रेक-ऑल ओळ संपली की शब्द कुठेही तोडतो, पुढच्या ओळीवर अख्खा मावत असला तरी. एनीव्हेअर फक्त दुसरा इलाज उरला नाही तरच तोडतो. पण तो टेबलच्या घरांना लावू नका. टेबल मग रकाने इतके आवळतं की एकेक अक्षर खाली-खाली येतं.

फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल जड असते, म्हणून लोक तिची काटछाट करतात आणि तिथेच घोळ होतो. काटछाट करणाऱ्या साधनाला फक्त देवनागरीचा युनिकोड पट्टा दिला तर शून्य रुंदीचे जोडक आणि विलगक (अक्षरं जोडणारी-तोडणारी न दिसणारी चिन्हं) राहून जातात, कारण ते त्या पट्ट्यात नाहीतच. जुन्या मजकुरात अर्धा ‘र’ जोडकाने लिहिलेला असतो. जोडक नसलं तर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ असे शब्द मध्येच दुसऱ्या फॉन्टमध्ये जातात किंवा रफार घेऊन बसतात. यू+२००सी आणि यू+२००डी पट्ट्यात घाला, ओपनटाइपची वैशिष्ट्यं कापू नका. जाड अक्षराची वेगळी फाइल दिली नसेल तर ब्राउझर बारीक अक्षरच ओढूनताणून जाड करतो आणि ‘क्ष’, ‘श्व’ यांच्या पोकळ्या भरून जातात.

पानाच्या मूळ टॅगला ‘लँग=एमआर’ हवं. स्क्रीन रीडर उच्चार त्यावरून निवडतो. पुष्कळ जुन्या साइटींवर तिथे अजून ‘ईएन’च असतं.

तळाशी चिकटलेली चिन्हांची पट्टी करायचा विचार असेल तर: ३२० पिक्सेलमध्ये पाच घरं म्हणजे एकाला ६४. ‘अभ्यासक्रम’ किंवा ‘प्रश्नोत्तरे’ त्यात वाचण्याजोग्या आकारात जेमतेम मावतात किंवा मावतच नाहीत. चार घरांपुढे जाऊ नका.

---

सीएसएसकर

टेबलांचं राहिलं होतं. सात रकाने कार्डांत मोडायची फॅशन आहे. तुलना करायची टेबलं असतील तर तसं करू नका, कार्डं झाली की तुलना संपली. शिवाय टेबलचं ‘डिस्प्ले’ बदललं की स्क्रीन रीडरला ते टेबल म्हणून कळेलच असं नाही.

टेबल एका डिव्हमध्ये ठेवा, त्या डिव्हला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’. कळफलकाने सरकवता यावं म्हणून त्यालाच ‘टॅबइंडेक्स=०’, ‘रोल=रीजन’ आणि टेबलच्या शीर्षकाकडे बोट दाखवणारं ‘एरिया-लेबल्डबाय’ (aria-labelledby). टेबलला ‘मिन-विड्थ’ साधारण ४०रेम, म्हणजे रकाने चिरडत नाहीत. पहिला रकाना ‘स्टिकी’ (सरकवताना जागेवर चिकटून राहणारा), ‘लेफ्ट: ०’ केला तर फार सोय होते. त्याला भरीव पार्श्वभूमी रंग द्या, नाहीतर बाकीचे आकडे त्याच्याखालून दिसतात. आणि ‘बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स’ असेल तर रकाना चिकटून राहतो पण त्याच्या रेघा सरकत जातात. ‘सेपरेट’ करून ‘बॉर्डर-स्पेसिंग: ०’ द्या.

दोनशे पानांवर हाताने डिव्ह घालण्याऐवजी साच्यातून किंवा शोध-बदल करून घाला.

---

अर्धवट_कंस

सगळ्यांचे आभार. ग्रिड बसलं, दुवे ३४ वरून ११ वर आले, टेबलं डिव्हमध्ये गेली. आता तीन गोष्टी अडल्यात:

१. शीर्षपट्टी ‘स्टिकी’ केली, ‘टॉप: ०’ आहे, तरी ती मजकुराबरोबर वर निघून जाते.
२. ३२० पिक्सेलवर पान बरोबर १४ पिक्सेल आडवं सरकतं. ३६० वरही तेच.
३. फोन आडवा धरला की उघडलेल्या मेनूतले शेवटचे तीन दुवे दिसत नाहीत, स्क्रोल केलं तर मागचं पान सरकतं.

शोधाच्या चौकोनात बोट टेकवलं की आयफोनवर पान मोठं होतं, ते ‘युजर-स्केलेबल=नो’ शिवाय कसं थांबवायचं?

---

रिकामा_डिव्ह

१. शीर्षपट्टीच्या वरच्या कुठल्या तरी डब्याला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ किंवा ‘ऑटो’ आहे. स्टिकी घटक सगळ्यात जवळच्या स्क्रोल होऊ शकणाऱ्या पूर्वजाला धरून चिकटतो, आणि हिडन दिलेला डबाही त्यात मोजला जातो. बॉडीवरून काढलंत पण आतल्या रॅपरवर राहिलं असेल, तपासा. कापणं खरंच गरजेचं असेल तर तिथे ‘ओव्हरफ्लो: क्लिप’ द्या, तो स्क्रोलचा डबा तयार करत नाही. ओव्हरफ्लो कुठेच नसेल तर दुसरी शक्यता: शीर्षपट्टी तिच्याएवढ्याच उंचीच्या डिव्हमध्ये एकटी बसली आहे. पालक संपला की चिकटणं संपलं.

चिकटायला लागली की पानातल्या दुव्यांवरून उडी मारल्यावर मथळे पट्टीखाली दडतील. मूळ घटकाला ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ पट्टीच्या उंचीएवढं द्या. आडव्या फोनवर उंचीच ३६०च्या आसपास असते, तिथे ६४ पिक्सेलची चिकट पट्टी फार जागा खाते. ‘मॅक्स-हाइट: ३०ईएम’ अशा मीडिया क्वेरीत तिला साधी ‘स्टॅटिक’ करून टाका.

२. रुंदी बदलली तरी आकडा तोच, म्हणजे कुठल्या तरी ‘विड्थ: १००%’ घटकावर पॅडिंग वरून चढतंय. दोन्हीकडे ६ पॅडिंग आणि १ बॉर्डर धरली की बरोबर १४. माझा संशय शोधाच्या चौकोनावर. बॉर्डर-बॉक्स टाकलं म्हणता, पण जुन्या स्टाइलशीटमध्ये फॉर्मच्या घटकांसाठी ‘कंटेंट-बॉक्स’ लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो नियम जास्त नेमका असल्याने तोच जिंकतो.

अंदाज चुकला तर: कन्सोलमध्ये पानातले सगळे घटक फिरवून ज्यांच्या ‘गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट’ची उजवी कड ‘डॉक्युमेंटएलिमेंट’च्या ‘क्लायंटविड्थ’पेक्षा मोठी आहे ते छापा. टेबलच्या डिव्हमधले घटकही त्यात येतील, ते सोडा, बाकीच्यांत पहिलं नाव बहुधा गुन्हेगाराचं असतं. डोळ्यांनी बघायचं तर सगळ्यांना लाल ‘आउटलाइन’ द्या. ‘बॉर्डर’ नको, ती स्वतःच जागा खाते.

३. पॅनलला ‘१०० व्हीएच’ (व्हीएच म्हणजे पडद्याच्या उंचीचा शंभरावा भाग) दिलेलं दिसतंय. मोबाईलवर व्हीएच हे पत्त्याची पट्टी आक्रसलेली असतानाच्या उंचीवर मोजलं जातं. पट्टी दिसत असताना तळाचा तेवढा भाग पडद्याखाली जातो. ‘मॅक्स-हाइट’मध्ये १०० डीव्हीएचमधून (पत्त्याची पट्टी दिसते-लपते तसं बदलणारं व्हीएच) शीर्षपट्टीची उंची वजा करा, ‘ओव्हरफ्लो-वाय: ऑटो’ आणि ‘ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियर: कंटेन’ द्या. जुन्या ब्राउझरांसाठी आधीच्या ओळीत व्हीएचचा नियम तसाच राहू द्या, ज्याला डीव्हीएच कळत नाही तो वरचा घेईल. मेनू उघडा असताना बॉडीला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ चालतं, ते तात्पुरतं आहे म्हणून.

शोधाचा चौकोन: त्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की सफारी पान मोठं करते. १६ करा, थांबेल. सिलेक्ट आणि टेक्स्टएरियालाही.

---

वेलांटी

तपासताना एक भर. ब्राउझरच्या साधनांतला नकली फोन पत्त्याची पट्टी आणि कळफलक दाखवत नाही, त्यामुळे तिसऱ्या अडचणीसारखं काही तिथे दिसणारच नाही. मांडणीसाठी ३२०, ३६०, ४१२ आणि ७६८ या रुंद्या साधनांत बघा. मेनू आणि फॉर्म मात्र खऱ्या फोनवर, उभा आणि आडवा दोन्ही. अँड्रॉइड केबलने जोडला की डेस्कटॉपच्या क्रोममधून त्यातलं पान तपासता येतं. आयफोनसाठी मॅक लागतो.

फोन हाताशी नसला तर डेस्कटॉपवर खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४००% करा. ती नेमकी ३२० ची मांडणी असते, आणि डब्ल्यूसीएजीची रीफ्लोची (पान आडवं न सरकवता वाचता येण्याची) कसोटीही हीच. चिकट शीर्षपट्टी किती जागा गिळते ते इथे लगेच कळतं.

---

अर्धवट_कंस

१४ पिक्सेल शोधाच्या चौकोनाचेच होते. ‘कंटेंट-बॉक्स’ ओळ ९१२ वर सापडला. स्टिकीचं कारण रॅपरवरचं हिडन, काढल्यावर लगेच चिकटली. डीव्हीएचने शेवटचे दुवे आले. आयफोन आडवा धरल्यावर डाव्या कडेला पांढरी पट्टी राहते, ती खाचेमुळे (पडद्याच्या कडेतल्या कॅमेऱ्याच्या जागेमुळे) का?

---

सीएसएसकर

हो. सफारी मजकूर खाचेपासून दूर ठेवते आणि उरलेल्या जागेत मूळ घटकाचा किंवा बॉडीचा रंग भरते. सोपा उपाय म्हणजे बॉडीला शीर्षपट्टीशी जुळणारा पार्श्वभूमी रंग. कडेपर्यंत न्यायचंच असेल तर व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये ‘व्ह्यूपोर्ट-फिट=कव्हर’ जोडा आणि डब्याच्या डाव्या-उजव्या पॅडिंगला ‘मॅक्स(१६ पिक्सेल, एन्व्ह(सेफ-एरिया-इनसेट-लेफ्ट))’, उजवीकडे ‘राइट’. दोन्ही एकाच वेळी टाका. नुसतं कव्हर टाकलं तर मेनूचं बटण खाचेखाली जाऊ शकतं.